वळताना पाय सोडा

हँगरसमोर माझी विमानाची शिक्षिका जे बोलली, ते तिने मला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. पण ती सगळ्यांसमोर बोलली. दोन मेकॅनिक होते, चहावाला होता, माझ्या निम्म्या वयाचे तीन विद्यार्थी होते.

"भाऊ, तुम्ही विमान नाही, ट्रॅक्टर चालवून राहिले. आज सोलो नाही देत मी."

एक मेकॅनिक हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाना शोधायच्या निमित्ताने विमानाखाली वाकला.

सोलो म्हणजे एकट्याने उडणं. शेजारच्या सीटवर शिक्षिका नाही. वर जायचं, धावपट्टीभोवती एक चौकोनी फेरी मारायची आणि उतरायचं. सहा-सात मिनिटांचं काम. तेवढ्याने कोणी पायलट होत नाही, पण ते झाल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. त्या सकाळी मला ती फेरी मिळणार होती. मी घरी सांगून आलो होतो. बायकोने नवा शर्ट काढून दिला होता आणि वर म्हणाली होती, "पडले तर निदान शर्ट तरी चांगला दिसन."

तो शर्ट घालून मी दहा वाजता परत घरी गेलो. त्या दिवसापासून तिच्याबद्दल, म्हणजे शिक्षिकेबद्दल, माझ्या मनात जी गाठ बसली ती अजून पूर्ण सुटलेली नाही. ती बरोबर होती की चूक, हा वेगळा मुद्दा आहे.

मी फुलचूरला राहतो. जुने ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर विकत घेतो, दुरुस्त करतो, विकतो. माझे वडील मजूर होते. सतरा वर्षांचा असल्यापासून मी लोकांच्या बांध्यांमध्ये ट्रॅक्टरने चिखल केला आहे. धानाच्या लहान शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. त्यातल्या बऱ्याच बांध्या धावपट्टीच्या आसपासच होत्या. शिकणाऱ्यांची विमानं दिवसभर डोक्यावरून वळत असायची. वर बसलेल्यांना खाली मी दिसत नसेन, असं तेव्हा वाटायचं. आता माहीत आहे, ट्रॅक्टर वरून चांगला दिसतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी, हातात स्वतःचं काही आल्यावर, मी तिथल्या एका लहान फ्लाइंग क्लबमध्ये नाव घातलं. इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी उघडी ठेवून वाचली. लेखी परीक्षा पास झालो. लोकांनी टिंगल केली, तीही पचवली. आणि त्या सगळ्यानंतर मला ऐकावं लागलं की मी ट्रॅक्टर चालवून राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी तिला चहाच्या टपरीवर गाठलं. ती नागपूरची, तिशीच्या आतली, बोलायला सरळ आणि चहा एकदम गरम पिणारी.

"मॅडम, आणखी किती उड्डाणं लागतील?"

"पाय सुटेपर्यंत."

"आकडा सांगा."

"आकडा नसतो याचा."

"दोन?"

कप ओठांपाशी थांबला. "भाऊ, तुम्ही माझ्याशी मोलभाव करून राहिले का?"

"तीन. त्याच्यावर नाही."

"तुमच्या पायाशी करा. तो मानला की मला सांगा."

चहावाला फिसकन हसला. मी चहा अर्धा टाकून उठलो.

पायाचं प्रकरण असं होतं. विमानात समोर एक वाकवलेली काचेची नळी असते. तिच्यात तेल आणि तेलात एक काळी गोळी. विमान नीट चाललं असेल तर गोळी मधोमध राहते. विमान वळतं ते पंख कलवून. पायाखाली दोन पॅडल असतात, त्यांनी शेपटीवरचं उभं पातं हलतं. पण त्या पात्याचं काम विमान वळवणं नाही, वळताना नाक आणि शेपूट एका रेषेत ठेवणं. डावीकडे वळायचं तर हँडल डावीकडे, सोबत डावा पाय थोडा दाबायचा. विमान कललं की हँडल मधे आणि पाय मोकळा. त्यानंतरही पाय दाबूनच ठेवला तर शेपूट बाहेरच्या बाजूला घसरते, ओल्या रस्त्यावर मोटारसायकलचं मागचं चाक घसरतं तशी. गोळी उजवीकडे पळते.

माझी गोळी कायम उजवीकडे. "भाऊ, पाय सोडा," ती म्हणायची. मी सोडायचो. पुढच्या वळणाला पाय पुन्हा दाबलेला. मला तो दाबलेला कळायचाच नाही.

टपरीवरच्या त्या बोलण्यानंतर दोन दिवसांनी ती म्हणाली, "आज धावपट्टीभोवती नाही फिरायचं. वर जाऊ."

आम्ही साडेचार हजार फुटांवर गेलो. उन्हाळ्याची सकाळ होती. खाली उन्हाळी धानाच्या बांध्या पिवळ्या पडत आल्या होत्या. नागझिऱ्याच्या बाजूला जंगल होतं आणि जंगलाच्या कडेच्या मोकळ्या जागांवर तेंदूपत्त्याचे पुडे ओळीने वाळत घातलेले दिसत होते. दूर नवेगाव बांधचं पाणी चमकत होतं.

"आता असं समजा की खाली धावपट्टी आहे," ती म्हणाली. "तुम्ही उतरायला येऊन राहिले. डावीकडे शेवटचं वळण घ्यायचं आहे आणि ते थोडं मोठं होऊन राहिलं. वेग कमी करा आणि तुमच्या पद्धतीने वळा. मी बोलणार नाही."

ती हात बांधून बसली. मी इंजिन कमी केलं, नाक किंचित वर धरलं आणि वळलो. वळण मोठं होतंय असं समजायचं होतं, म्हणून पाय दाबला. विमान आपोआप जास्त कलायला लागलं. ते सावरायला मी हँडल उजवीकडे घेतलं. म्हणजे पाय डावीकडे आणि हात उजवीकडे. मी माझ्या सीटमध्ये उजवीकडे घसरलो. भोंगा वाजायला लागला. पंखांना विमान पेलवेनासं होत आलं की तो वाजतो.

मग डावा पंख खालून कोणी ओढल्यासारखा गेला.

मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. काचेत आकाश नव्हतं. काचेत फक्त बांध्या होत्या आणि त्या गरगर फिरत होत्या. मी हँडल पोटाशी ओढून धरलं होतं, जे करायचं नसतं.

"सोडा. विमान माझ्याकडे."

तिने इंजिन बंदच्या जवळ आणलं, उजवा पाय पूर्ण दाबला, हँडल पुढे ढकललं. फिरणं थांबलं. मग हळूहळू नाक वर आलं. माझ्या कानात दडे बसले होते.

"किती खाली आलो?" तिने विचारलं.

मी उंचीचा काटा पाहिला. "हजार फूट."

"उतरताना शेवटचं वळण किती उंचीवर घेतो आपण?"

"पाचशे."

ती विमान परत धावपट्टीकडे घेऊन निघाली. हजारातून पाचशे वजा करायला मला कोणाची मदत लागत नाही. आणि खरं सांगतो, ती बरोबर निघाली म्हणून मला तिचा आणखी राग आला.

पाय का सुटत नाही, हे मात्र तिने सांगितलं नाही. ते मला माझ्या शेडवर कळलं, आणि तेही भांडणात.

नवेगाव बांधकडचा एक शेतकरी त्याच्या साळ्याला घेऊन जुना ट्रॅक्टर पाहायला आला होता. चिखलात चालवून दाखवा म्हणाला. शेडमागे एका बांधीत पाणी होतं. मी स्वतः ट्रॅक्टरवर चढलो, कारण चिखलात लहान जागेत वळवून दाखवावं ते मीच. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात, दोन्ही उजव्या पायाखाली. शेतात डावीकडे वळायचं तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं आणि डावा ब्रेक दाबायचा. डावं चाक जागेवर थांबतं आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती फिरतो. मी धुऱ्यापासून हातभर अंतरावर वळवून दाखवला.

माणूस धुऱ्यावर उभा होता. खूश व्हायचं सोडून म्हणाला, "ब्रेक काऊन दाबूनच ठेवता गा शेट? वळला ना आता!"

"असाच दाबतेत."

"आमच्याइकडं नाही दाबत असा. चाक रोवते, लायनर जळते. अर्ध्यात सोडाचा पाय. तो आपल्यानं येते मंग."

"तुमी मले ट्रॅक्टर शिकवून राहिले का?"

"नाही गा, मी कायले शिकवतो! मी म्हणून राहिलो का हा ट्रॅक्टर तुमीच चालवला असन, त याचे ब्रेक खलास आहेत. त्या हिशोबानं बोला."

साळा तोंडावर दुपट्टा धरून हसत होता. माझं डोकं फिरलं. मी दोघांना शेडबाहेर काढलं. सौदा मोडला. नंतर मी त्याच ट्रॅक्टरवर बराच वेळ बसून राहिलो, पाय ब्रेकवर ठेवून.

तो खरं बोलत होता. मी पहिल्यांदा ज्या मालकाच्या ट्रॅक्टरवर होतो, त्याच्या बांध्या फार लहान होत्या. वळताना चाकाने धुरा फुटला की तो धान रोवणाऱ्या सगळ्या बायांसमोर आईवरून शिवी द्यायचा. मी अर्ध्यात पाय सोडून पाहिला असेन, धुरा फुटला असेल, शिवी खाल्ली असेल. मग मी ठरवून टाकलं असणार की ट्रॅक्टर पूर्ण वळून धुऱ्याला समांतर उभा होईपर्यंत पाय उचलायचा नाही. धुरा वाचतो. झिजायचे ते ब्रेकचे लायनर, आणि ते मालकाचे होते. पुढे माझे स्वतःचे ट्रॅक्टर झाले तरी पाय तसाच राहिला. वळण घट्ट करायचं म्हटलं की पाय खाली, आणि वळण संपेपर्यंत खालीच. ट्रॅक्टरवर उजव्या पायाने दाबायचो, विमानात डाव्याने. पाय बदलला होता, सवय बदलली नव्हती.

कारण कळलं म्हणून सवय जात नाही. मी घरी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून सराव सुरू केला. जमिनीवर दोन चपला, हातात ताट. ताट डावीकडे, डावी चप्पल दाबली, ताट मधे, पाय वर. शंभर वेळा. बायको चहा घेऊन आली आणि माझ्यासमोर थांबली.

"कोणत्या बाजूनं येऊ? मंधात आली तर धडक नाही ना होणार?"

मी चिडलो. तिने चहा फ्रिजवर ठेवला आणि म्हणाली, "खाली उतरल्यावर घ्या."

पुढच्या आठवड्यात शिक्षिका माझ्यासोबत रोज सकाळी बसली. गोळी मधे राहायला लागली. एकदा-दोनदा बाहेर गेली तर मी स्वतःच आणली. एका सकाळी, आठ वाजून गेल्यावर, उतरून परत आलो तेव्हा तिने इंजिन चालू असतानाच तिच्या बाजूचं दार उघडलं.

"एक फेरी. वारा वाढून राहिला, म्हणून फक्त एक. नाही जमलं तर वर जा, पुन्हा या. जबरदस्ती नाही करायची." तिने स्वतःचा पट्टा नीट बांधून ठेवला, उतरली, दार दोनदा ओढून पाहिलं आणि वायरलेस हातात घेऊन कडेला जाऊन उभी राहिली.

तिच्या वजनाशिवाय विमान माझ्या अंदाजापेक्षा लवकर उठलं. वर जाईपर्यंत मला बरं वाटत होतं. डावीकडे पहिलं वळण, पाय सोडला, गोळी मधे. दुसरं वळण, गोळी मधे. धावपट्टीला समांतर आलो, वायरलेसवर बोललो. आवाज बरा निघाला. धावपट्टी माझ्या डाव्या हाताला होती आणि तिच्या कडेला एक पांढरा ठिपका होता, ती शिक्षिका.

तिसरं वळण घेतलं आणि वारा पाठीवर आला. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पाठीवर वारा असला की विमान जमिनीवरून जास्त जोरात सरकतं आणि शेवटचं वळण लवकर सुरू करावं लागतं. पण मी रोजच्या जागी, त्या एका मोहाच्या झाडावर यायची वाट पाहत बसलो. झाड आलं तोपर्यंत उशीर झाला होता. मी वळायला लागलो आणि धावपट्टी नाकासमोरून डावीकडे निसटायला लागली.

ती मला हवी होती. त्या क्षणी मला जगात दुसरं काही नको होतं. वळण घट्ट करायचं होतं.

पाय दाबल्याचं मला आठवत नाही. मला आठवतं ते माझं अंग उजवीकडे घसरणं. मग हात पाहिला, तर हँडल उजवीकडे गेलेलं. गोळी पाहिली, तर ती नळीच्या उजव्या टोकाला चिकटलेली. खाली एक घर कौलं मोजता येतील इतकं जवळ होतं. पाचशेही नव्हते उरले. भोंगा अजून वाजला नव्हता, पण मी त्याची वाट पाहत होतो, आणि वाट पाहण्यात जो वेळ गेला तो मला आजही परवडलेला वाटत नाही.

पाय उचलला. दोन्ही पाय पॅडलवरून उचलले, इतका माझा त्यांच्यावर विश्वास उडाला होता. नाक खाली केलं, पंख सरळ केले, इंजिन पूर्ण उघडलं. मग पाय पुन्हा ठेवावे लागले, कारण पूर्ण इंजिनला उजवा पाय लागतो. धावपट्टी डावीकडून मागे गेली. मी वर निघालो.

वायरलेसवर मी काय बोललो ते मलाच नीट समजलं नाही. थोड्या वेळाने तिचा आवाज आला. "ठीक आहे. आरामात."

दुसऱ्या फेरीत मी मोहाच्या झाडाची वाट पाहिली नाही. फार आधी वळलो. पाय थोडा दाबला आणि मोठ्याने म्हणालो, "सोड." रिकाम्या विमानात माझाच आवाज मला मालकासारखा वाटला. गोळी मधे राहिली. धावपट्टी समोर आली आणि समोरच राहिली. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली.

हँगरपाशी इंजिन बंद केल्यावर मी सीटवरच बसून राहिलो. मेकॅनिक बादल्या भरून उभे होते. पहिल्या सोलोनंतर माणसाला भिजवायची तिथे पद्धत आहे.

शिक्षिका दाराशी आली. तिचा चेहरा खुलला होता. "चांगला निर्णय घेतला भाऊ. वाऱ्याने बाहेर गेलात, ओढाताण न करता वर निघालात. हेच पाहिजे. उद्या तीन फेऱ्या, एकट्याने."

खालून तिला फक्त एवढंच दिसलं होतं. विमान थोडं बाहेर गेलं आणि सरळ वर निघालं. आत काय झालं ते मला आणि त्या गोळीला माहीत. जुन्या मालाच्या धंद्यात गिऱ्हाइकाने गिअरबॉक्सबद्दल विचारलं नाही तर मी सांगत नाही. हा माझा नियम आहे आणि त्याची मला लाज नाही. तिने विचारलं नव्हतं. उद्याच्या तीन फेऱ्या हातात आल्या होत्या.

"मॅडम," मी म्हणालो, "पाय गेला होता."

"कुठे?"

"शेवटच्या वळणात. दाबला होता मी."

तिचा चेहरा बदलला. "किती?"

"गोळी पूर्ण बाहेर होती."

"हात?"

"उजवीकडे."

ती दाराच्या कडेला हात ठेवून उभी राहिली. मागून मेकॅनिकने विचारलं, "मॅडम, डालें क्या पानी?" तिने हातानेच थांबवलं.

"भोंगा?"

"नाही वाजला."

"उद्या एकटे नाही जायचं," ती म्हणाली. "मी बसते सोबत. चार दिवस. फक्त वारा पाठीवर असताना."

"चार?" माझं डोकं तडकलं. "मीच सांगितलं ना तुम्हाला! नसतं सांगितलं तर उद्या तीन फेऱ्या दिल्या असत्या तुम्ही!"

"हो, दिल्या असत्या."

"मग? दोन दिवस. बस झाले."

"चार. पाचव्या दिवशी तुम्ही मला सांगायचं, जायचं की नाही. मी नाही ठरवणार."

मला हे अपेक्षित नव्हतं. कमी करून घ्यायला समोर काही उरलंच नव्हतं. ती बाजूला झाली आणि मेकॅनिकला म्हणाली, "डालो. सोलो तो हुआ है." तीन बादल्या आल्या, एकामागून एक, सीटवरून पूर्ण उतरायच्या आतच. सगळे टाळ्या वाजवत होते. मी शिव्या देत होतो आणि कोणालाच ते वाईट वाटलं नाही.

चार दिवस ती सोबत बसली. एकदाही "पाय सोडा" म्हणाली नाही. पाचव्या दिवशी सकाळी वारा जोरात होता, धावपट्टीकडचं कापडी निशाण ताणून आडवं झालं होतं. मी विमानाभोवती फेरी मारली, तेल पाहिलं, पंखांवरून हात फिरवला. ती टपरीवर चहा पीत माझ्याकडे पाहत होती, विचारायला आली नाही.

मी तिच्यापाशी गेलो.

"आज नाही," मी म्हणालो.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि बाकावर जरा सरकली. मी बसलो. तसा रागातच होतो.